चित्राचं कमिशन, म्हणजे पैसे घेऊन चित्र काढून द्यायचं काम, घेताय ना, मग आधी चार ओळी लिहून घ्या

चित्रवाल्या मित्रमंडळींमध्ये सध्या एआय सोडून दुसरा विषयच नाही. राग खराच आहे. २०२५ च्या मार्चमध्ये जो तो एआयकडून आपले फोटो जिब्ली, म्हणजे जपानच्या त्या अॅनिमेशन स्टुडिओच्या, स्टाइलमध्ये करून टाकत होता तेव्हा मला पण पोटात तुटलं होतं, ज्या हातांनी ती स्टाइल घडवली त्यांना कोणी विचारलं होतं का? शिकागो युनिव्हर्सिटीच्या टीमने ग्लेझ नावाचं फुकट टूल काढलंय, चित्र अपलोड करायच्या आधी त्यातून काढलं की एआयला आपली स्टाइल उचलणं अवघड जातं. पक्कं कवच नाही ते, पण वापरा.

पण खरं सांगू, माझं चित्र गेलं ते एआयमुळे नाही गेलं.

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाचं कव्हर केलं. ओटीवर बसलेली आजी, हातात निरांजन, तिच्या नऊवारीच्या काठावरच मी दोन रात्री घालवल्या होत्या. सगळं फोनवर ठरलेलं, "ताई, छान काहीतरी द्या, मानधनाचं बघू." पैसे मिळाले, थोडेच पण मिळाले. पुढच्या वर्षी मावशीकडे गेले तर भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर माझीच आजी! खालून चित्र कापलेलं, माझी सही मधूनच गेलेली, शिरोरेघ आणि वरची एक मात्रा तेवढी उरली होती. फोन केला तर, "अहो ताई, पैसे दिले होते ना तेव्हा."

तेव्हा पहिल्यांदा कॉपीराइटचा कायदा उघडून बसले. १९५७ चा आहे. त्यातलं कलम १७ प्रत्येक कमिशनवाल्याने वाचाच, कोणी पैसे देऊन आपल्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा! मला हे आर्ट स्कूलच्या चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. उलट कलम १९ आपल्या बाजूचं आहे, हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरतात. आणि कलम ५७, म्हणजे हक्क विकले तरी हे चित्र माझं आहे असं सांगायचा अधिकार आपल्याकडेच राहतो. त्या कापलेल्या सहीचा विषय मी याच जोरावर पुन्हा काढला आणि पुढच्या छपाईत नाव आलं.

आणि आपला हक्क मागताना दुसऱ्याचाही पाळायचा. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर चित्र काढायचं क्रिटा फुकट आहे, देवनागरीसाठी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बालू हे फॉन्ट फुकट आहेत, क्लायंटच्या कामालाही बिनधास्त चालतात, क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं, काही वापरायची गरजच नाही.

आता मी अॅडव्हान्स घ्यायच्या आधी ईमेल करते: कॉपीराइट माझा राहील, चित्र फक्त या अंकाच्या कव्हरसाठी, दुसरीकडे वापरायचं तर वेगळं मानधन, सही कापायची नाही, एआय ट्रेनिंगला द्यायचं नाही. समोरच्याचा "मान्य" असा रिप्लाय आला की मगच स्केच. परवा एका गणपती मंडळाच्या दादांना पाठवलं, मला वाटलं आता काम जातंय हातचं, तर दहा मिनिटांत उत्तर, "हो ताई, चालेल, पण बाप्पा जरा मोठा काढा."

या ईमेलचा मजकूर हवा असेल तर इनबॉक्समध्ये मागा, जसाच्या तसा पाठवते.