निवांत घाबरायची सोय नाही

भयकथा ऐकायच्या तर अंधार, शांतता आणि जरासा गारवा लागतो. मे महिन्यातल्या नागपुरात यातला अंधार तेवढा मिळतो, तोही लाईन गेली तर.

तरी माझं व्यसन काही सुटत नाही. भुताखेतांच्या पॉडकास्ट मालिका आणि ऑडिओ नाटकं मी कानात बड्स घालून तासन्‌तास ऐकतो. पडद्यावरचं भूत निर्मात्याच्या ऐपतीप्रमाणे असतं. ऐकलेलं भूत आपल्या ऐपतीप्रमाणे उभं राहतं, आणि या एका बाबतीत मी गडगंज माणूस आहे.

सध्या 'द मॅग्नस आर्काइव्ह्ज' लावलंय. लंडनमधली एक संस्था. लोक तिथे आपल्यावर गुदरलेले भयानक प्रसंग लिहून देतात आणि तिथला रेकॉर्ड सांभाळणारा माणूस ते टेपरेकॉर्डरवर वाचून ठेवतो. प्रत्येक भुताची फाइल, फाइलला नंबर, नंबरापुढे तारीख. सरकारी कचेऱ्यांच्या गावात वाढलेल्या मला हे एकदम घरचं वाटतं. 2016 ते 2021 अशी ही मालिका चालली, भाग बरोब्बर 200.

अडचण हवामानाची आहे. तिकडे भूत आलं की खोली थंड पडते. बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघते, तो शहारतो. इकडे बाहेर पारा 45 वर, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि कानात कोणीतरी कापऱ्या आवाजात सांगतंय की खोलीत अचानक गारठा पसरला! माझ्या अंगावर काटा यायचा सोडून तोंडाला पाणी सुटतं. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "त्याला म्हणावं हॉलमध्ये ये. तिथेच जास्त तापते."

दुसरा शत्रू कूलर. आमचा कूलर म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली एसटी. तो बंद केला की सगळं घर दोन मिनिटांत उठून बसतं आणि 'बंद कोणी केला' याची चौकशी सुरू होते. चालू ठेवला तर भुताचं बोलणं ऐकू येत नाही. आणि भुतांना कुजबुजायची भारी खोड! ती कुजबुज कळावी म्हणून आवाज पूर्ण वाढवावा, तर पुढच्याच क्षणाला कोणीतरी बेंबीच्या देठापासून किंचाळतं आणि माझ्या हातातला चहा लुंगीवर. त्यातून सावरून तळघराचं दार उघडतंय तोच जाहिरात लागते: 'तुमच्या पश्चात तुमच्या कुटुंबाचं काय?' मालिकेतल्या कुठल्याच पिशाच्चाने मला इतकं नेमकं गाठलेलं नाही.

घरात आई आहे. नागपूर आकाशवाणी 1948 ची, आणि आई तिच्या श्रुतिकांवर वाढलेली. त्यामुळे आवाजाच्या नाटकात तिला काही शिकवायला जाऊ नये. मी एकदा कौतुकाने सांगितलं की अमेरिकेत 1941 साली 'इनर सँक्टम' नावाची रेडिओ मालिका सुरू झाली, तिची सुरुवातच दाराच्या करकर आवाजाने व्हायची आणि त्या आवाजानेच लोक गारठायचे.

"किती वर्षं चालली?"

"1952 पर्यंत."

"अकरा वर्षं दार करकरून राहिलं आन्‌ एकाही माणसाला दोन थेंब तेल सोडता नाही आलं?"

यावर काय बोलणार! मग मी तिला ध्वनिपरिणाम कसे करतात ते सांगायला गेलो. हाडं मोडल्याचा आवाज सेलरी नावाच्या भाजीची देठं मोडून काढतात. बर्फावरची पावलं ऐकवायची तर कॉर्नफ्लोअर भरलेली चामड्याची पिशवी दाबतात. डोकं फुटायचं असेल तर बिचारं टरबूज फुटतं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचत बसलेलो असताना मागून आली आणि माझ्या कानाशी गाजर काडकन मोडलं. "ही मान," म्हणाली, आणि उरलेली मान खात आत निघून गेली. तेव्हापासून आमच्याकडे कोशिंबिरीची तयारी सुरू झाली की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो.

दोष एकट्या आईचा नाही म्हणा. हे गावच भुतांना फारशी किंमत देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडेचे मोठाले पुतळे, वाजतगाजत निघतात. काळीची परंपरा 1881 पासूनची सांगतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत लोक तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे तसलेच पुतळे, असतातच. जिथे पीडेची अशी मिरवणूक निघते, तिथे एकट्याने खोलीत बसून घाबरणाऱ्याकडे कोण लक्ष देणार?

म्हणून मी मेट्रोत ऐकून पाहिलं. एसी असल्यामुळे गारव्याचा प्रश्न मिटला. त्या दिवशी बायनॉरल पद्धतीचं नाटक लावलं होतं. यात माणसाच्या डोक्याचा पुतळा करून त्याच्या दोन्ही कानांत माईक बसवतात आणि ध्वनिमुद्रण करतात. ऐकणाऱ्याला मग आवाज डावीकडून, मागून, अगदी डोक्यावरूनही आल्यासारखा वाटतो. झाशी राणी चौक सुटलं आणि कोणीतरी माझ्या मानेशी श्वास सोडला. मी गर्रकन वळलो. मागे एक काकू डब्यातला चिवडा खात होत्या. त्यांनी डबा पुढे केला. "घ्या ना थोडा."

चिवडा खाताना भीती टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि जेव्हा खरोखर, मनाजोगं घाबरायला मिळालं, तेव्हा काय झालं? रात्री दीडच्या सुमाराला कूलरचा पंप कोरडा खडखडायला लागला.

"अहो, पाणी संपलं वाटते," बायको कूस न बदलता म्हणाली.

"तू पण चल ना. टॉर्च धरायला."

"मोबाइलले आहे ना टॉर्च."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "ऐकतो काऊन मग असलं? भीमरूपी म्हण आन्‌ जा!"

आम्ही तळमजल्यावर राहतो. कूलर मागच्या बाजूला, कंपाउंडची भिंत आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात. तिथे एका वेळी एक माणूस आडवा होऊन शिरतो. मी पाइप नळाला लावला, दुसरं टोक कूलरमध्ये सोडलं. कानातले बड्स काढायला हवे होते, पण गोष्टीतला माणूस नेमका तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोचला होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तो थांबला. ठिबकणंही थांबलं. पूर्ण शांतता. आणि माझ्या डोक्याच्या बरोब्बर वरून एक दबका आवाज आला.

"बंद कर... बंद कर..."

पहिल्यांदा मी मनातल्या मनात दाद दिली. वा, काय बायनॉरल आहे! मग लक्षात आलं की इंग्रज भुताला मराठी येत नाही. त्यानंतर मी जे ओरडलो त्याने लेआउटमधली झाडून सगळी कुत्री जागी झाली. पाइप कूलरमधून उसळला आणि मी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो.

"भाऊ, नळ बंद करा ना," वरच्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीतून वाकले होते. पांढरी बनियन, हातात पाइप. "वर थेंब नाही येऊन राहिला. लोकं झोपले म्हणून हळू बोललो. तुम्ही ओरडले काऊन?"

"गोष्ट ऐकत होतो. भुताची."

"मोबाइलवर? दिसते का त्यात भूत?"

"दिसत नाही. नुसतं ऐकू येतं."

"मंग कायचं भूत ते!" ते जरा विचारात पडले. "किती भाग आहे त्याचे?"

"200."

"बाप्पा! मंग असं करा भाऊ, ते पुरे होईपर्यंत तुम्ही कूलर संध्याकाळीच भरत जा."