एसीवाल्याला पोरगी कोण देईल?

पुतण्याला दहावीला ८१ टक्के पडले आणि त्याने आयटीआयला जायचं ठरवलं. ट्रेड रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा, दोन वर्षांचा. तेव्हापासून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. दादा म्हणतात, "लोकायच्या भिंतीले शिडी लावत फिरन का आपला पोरगा? पोरगी कोन देईन त्याले?" मामाजी, आत्या, सगळे त्यांच्याच बाजूने. मी अमेरिकेतल्या फिनिक्समधून फोनवर हे ऐकतो आणि माझं डोकं तापतं, कारण जे काम त्यांना हलकं वाटतं ते मी या हातांनी केलं आहे.

२०२३ चा जुलै. त्या वर्षी इथे सलग ३१ दिवस रोज पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर जात होता, म्हणजे आपल्या मापाने ४३ च्या पुढे. शनिवारी दुपारी घरात ७८ चे ८६ झाले. घराच्या बाजूला एसीचं बाहेरचं युनिट आहे तिथे गेलो तर त्यातला गॅस दाबणारा कॉम्प्रेसर घुमतोय आणि वरचा पंखा उभा. जाळीतून काडी घालून पातं ढकललं. नुसता मोटारीला जोर देणारा कॅपॅसिटर गेला असता तर ढकलल्यावर ते धावलं असतं. हे कर्र वाजून जागीच थांबलं. मोटारीचं बेअरिंग जाम. पंखा बंद असताना कॉम्प्रेसर चालू राहिला तर कॉइलमधली उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढत जातो, आणि शेवटी कॉम्प्रेसरही हातचा जातो. आधी थर्मोस्टॅट बंद केला. मेकॅनिकने ७५० डॉलर सांगितले आणि मंगळवार दिला. मोटार मिळाली १४० ला.

युनिटची वीज तोडायचा डिस्कनेक्ट ओढला, ब्रेकर पाडला, मीटर लावून वीज नाही याची खात्री केली. वीज तोडली तरी कॅपॅसिटर भरलेला असू शकतो, तो रिकामा केल्याशिवाय हात घालायचा नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. प्लग न काढता टाकीत पाणी भरतात, अर्थिंगचा पत्ता नसतो. शिकलेल्या हाताची किंमत तिथे कळायला हवी.

जाळी मोटारीसकट उलटी करून ठेवली. पातं शाफ्टवर किती उंचीवर बसलंय याची मार्करने खूण केली, कारण ते वरखाली झालं तर हवा नीट ओढत नाही. पण पातं निघेचना. दहा वर्षांचा गंज. तेल मारून अर्धा तास थांबलो, शाफ्ट एमरी पेपरने घासला, पातं खेचून काढायचा पुलर लावला, तेव्हा कुठे सुटलं. नव्या मोटारीच्या पट्टीवरचे आकडे जुनीशी जुळवून घेतले होते: २३० व्होल्ट, पाव हॉर्सपॉवर, १०७५ आरपीएम, शाफ्ट अर्धा इंच. कॅपॅसिटरही सोबत नवाच घातला. गॅसला मात्र हात लावला नाही. त्यासाठी इथे परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

शेजारचा दातांचा डॉक्टर पुलर घेऊन मदतीला आला होता. कोपरापर्यंत काळे झालेले हात घेऊन आम्ही दोघं ड्राइव्हवेवर उभे होतो. इथे यात कोणाला काही कमी वाटत नाही. आणि आपल्याकडे? १९३७ साली वर्ध्यातच परिषद भरली, तिथेच गांधीजींनी पोरांचं शिक्षण हातच्या उद्योगातून व्हावं म्हणून आग्रह धरला. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. शाळेच्या सहलीला तिथे जायचो, बापूकुटी पाहून घरी यायचो आणि विहिरीवरच्या मोटारीला हात लावायला मात्र गडी बोलवायचो. आता वाळ्याच्या ताट्यांचे कूलर मागे पडून गावोगाव स्प्लिट एसी लागलेत. मे महिन्यात एसीवाला आठ-आठ दिवस सापडत नाही, दादाच त्याला फोनवर हातापाया पडतात.

हे सगळं मी दादांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "तू आपल्या घरचा एसी खोलला. लोकाच्या दारात नाही उभा राह्यला. अन् तू त गेला निघून. इथं आमाले राहा लागते."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आमच्या विहिरीवर मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री यायचा. त्याचा कप वेगळा होता, कान तुटलेला, पडवीच्या खिडकीत उपडा ठेवलेला. चहा मी न्यायचो आणि वरून ओतायचो. पिऊन झाला की तो कप स्वतः विसळून पुन्हा तिथेच उपडा घालायचा. मी कॉलेजात गेलो, इंजिनिअर झालो, तोवर हे चाललं, आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही. दादांची भीती पोरगी मिळण्या-न मिळण्याची नाही. कोणाच्या तरी पडवीत आपल्या पोराला तसा कप मिळेल, ही आहे. इतक्या लांबून मी त्यांना शहाणपण शिकवतो, पण त्या कपात चहा ओतणाऱ्यांत मीही होतो.

तरी मी माझं म्हणणं सोडणार नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मोटार सुरू झाली, पंखा गरगर फिरला, आणि घर काही थंड होईना. तिकडे रविवारची सकाळ. कौतुक दाखवायला मी व्हिडिओ कॉल लावला होता. पुतण्या तेव्हा नववीत.

"काकाजी, हवा वर येऊन राह्यली का खाली चालली? जाळीवर कागद ठेवून पाहा बरं."

कागद जाळीला घट्ट चिकटून बसला. बाजूच्या कॉइलमधून हवा ओढून वर फेकायची, तर माझा पंखा ती वरून खाली ढकलत होता.

"उलटी फिरून राह्यली मोटार. आपला कूलर रिवाइंड करून आणला होता न, तवा तोबी असाच उलटा फिरे. वायर अदलाबदल करा."

पुन्हा ब्रेकर पाडला, कॅपॅसिटर रिकामा केला, जांभळ्या आणि पिवळ्या वायरचे जोड अदलाबदल केले. पुन्हा कागद ठेवला. या वेळी तो उडून भिंतीपलीकडे गेला. फोनवर पोरगा हसत होता, आणि त्याच्या मागे बाजेवर बसलेले दादा चहाचा कप हातात धरून हे सगळं पाहत होते.