नकाशा पास म्हणजे घर पास नव्हे

कोल्हापुरात घर बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "नकाशा पास करून द्यायला किती घेणार?" जणू सगळी भानगड त्या एका शिक्क्याची. पण बांधकाम परवानगीचे टप्पे तीन आहेत: काम सुरू करण्याचा दाखला, जोत्याची (प्लिंथची) तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला दिलेली मंजुरी. पहिल्यासाठी आपण जिवाचं रान करतो, दुसऱ्याकडे काणाडोळा करतो आणि तिसऱ्याच्या नावानं काही वर्षांनी बोंब मारतो. माझं मत विचाराल तर तिसरा अडकतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यातच.

आधी अर्ज कुणाकडे करायचा ते. शहराच्या हद्दीत महापालिकेचा नगररचना विभाग. उचगाव, पाचगावसारख्या शहराला चिकटलेल्या ४२ गावांसाठी २०१७ पासून कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. तिथल्या गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला फ्रेम करून लावला तरी तो बांधकाम परवाना ठरत नाही. नियम मात्र दोन्हीकडे एकच, डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे आपण ज्याला यूडीसीपीआर म्हणतो ती.

आता खरी मेख. बहुतेक लोक खरेदीपत्र घेऊन इंजिनियरकडे जातात, आणि तो बिचारा त्यावरच्या मापाने नकाशा काढतो. खरेदीपत्रात ३० बाय ४०. पुढे भूमी अभिलेखची मोजणी येते आणि 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या अधिकृत नकाशावर, रुंदी निघते २९ फूट ३ इंच. नऊ इंचांचा फरक, म्हणजे साधारण २३ सेंटिमीटर. समजा नकाशात एका बाजूला दीड मीटर मोकळी जागा दाखवली आहे. जागेवर राहिली १.२७. त्यात लाइनआउट देताना, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करताना, नकाशातली रेष कॉलमच्या मध्यावर धरली जाते. सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि बांधकाम यांच्यातली ही सक्तीची मोकळी जागा, मोजतात ते बाहेरच्या अंगापासून, मध्यापासून नव्हे. नऊ इंची कॉलमचे साडेचार इंच गेले की उरलं सुमारे १.१५ मीटर. गिलाव्याचे दोन-अडीच सेंटिमीटर वेगळेच. यात कुणी चोरी केलेली नाही, कुणी पैसे खाल्लेले नाहीत, पण बांधकाम मंजूर नकाशाशी जुळत नाही.

हे कधी सुधारता येतं? फक्की मारलेली असते, दोऱ्या ताणलेल्या असतात तेव्हा फुकटात. प्लिंथ बीमचं शटरिंग लागलंय तेव्हा एक दिवसाच्या मजुरीत. दुसरा स्लॅब पडल्यावर कशातच नाही. म्हणून क्रम असा हवा: आधी मोजणी, हद्दीचे दगड कायम, त्या मापावर नकाशा, लाइनआउटला इंजिनियर स्वतः हजर, आणि जोतं झालं की कामाला ब्रेक. जोते तपासणीचा अर्ज द्या, दाखला हातात घ्या, मगच वरचे कॉलम उभे करा. "गवंडी रिकामा बसतोय" म्हणून पुढं गेलेली घरंच पुढं फायलीत अडकतात.

जोत्याला कायद्यातही वजन आहे. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४८ नुसार परवाना एक वर्षाचा असतो, वर्षावर्षाने वाढवून आणखी तीन वर्षं मिळतात. त्या मुदतीत काम जोत्यापर्यंत आलं नाही तर नव्याने अर्ज. परवाना काढून "भाव उतरल्यावर बघू" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

"साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळालीच" हे वाक्य कट्ट्यावर फार चालतं. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये तशी तरतूद आहे, खोटं नाही. पण साठ दिवस मोजायचे ते अर्जाच्या किंवा त्रुटींना दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून. म्हणजे नव्या त्रुटीला उत्तर दिलं की मोजणी पुन्हा एकपासून. शिवाय नकाशा नियमात बसणारा असला तरच ही मानीव (न देता मिळाली असं मानलेली) परवानगी कामाची. माझी तक्रार आहे ती त्रुटी हप्त्याहप्त्यानं काढण्याबद्दल. प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद नाही, मंजूर लेआउटची प्रत नाही, बिगरशेतीचा कागद नाही, रस्त्याची रुंदी जुळत नाही, हे सगळं पहिल्याच छाननीत एका कागदावर देता येतं. अर्जदारानेही ही चार कागदं आधीच जुळवली तर निम्म्या फेऱ्या वाचतात. आणि प्लॉट इनामाचा, देवस्थानचा किंवा वर्ग दोनचा (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारा) असेल तर नकाशाचं नंतर बघा, आधी महसूलकडचा विषय संपवा.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही, हाही अर्धवट ऐकलेला नियम. नकाशा आणि कागदपत्रं दाखल करून शुल्क भरलं की ती पोच हीच परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. सामासिक अंतर, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण), उंची सगळं पाळावंच लागतं. चूक झाली तर आधी कुणी अडवत नाही, नंतर कुणी सोडवत नाही.

पूररेषेचा विषय आपल्या गावाला टाळता येत नाही. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत नवीन घर नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. रस्त्यापेक्षा नव्हे, लाल रेषेपेक्षा! तुमच्या प्लॉटवर लाल रेषा जमिनीच्या दीड मीटर वर येत असेल तर जोतं १.९५ मीटरवर गेलं. एवढी भर घालण्यापेक्षा खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे नुसत्या खांबांवरचा मोकळा तळमजला, घेतलेलं बरं. ही पातळी ऑटो लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावून ठरलेल्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेवरून, आणायची असते. "राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आपल्या दारात पाणी आलं नव्हतं" हा हिशोब इथे चालत नाही. ते पंचगंगेवरच्या बंधाऱ्यातल्या मोजपट्टीचं माप आहे, तुमच्या प्लॉटची पातळी नव्हे. २०१९ ला नागाळा पार्क, रमणमळ्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तरी जोतं दोन फूट खाली घेऊन पायऱ्या वाचवणारे भेटतातच.

पैशांचं थोडक्यात. राहत्या घराला विकास शुल्क रेडीरेकनरनुसार (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरानुसार) जमिनीवर ०.५ टक्के आणि बांधकामावर २ टक्के. कामगार उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का. स्वतःच्या राहण्यासाठी पन्नास लाखांपर्यंतचं घर असेल तर तो लागत नाही; नोव्हेंबर २०२५ पूर्वी ही मर्यादा दहा लाख होती. गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१. त्यावर निवासीला ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र मिळतं, पण प्रीमियम भरून. एजंट जादा क्षेत्र मोठ्यानं सांगतो, प्रीमियम पुटपुटतो.

शेवटी भोगवटा. इथे दोनच गोष्टी वारंवार नडतात. एक वर सांगितलेलं सामासिक अंतर. दुसरी स्टिल्टमधलं पार्किंग. पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत, म्हणून तिथे शटर बसवून गाळा किंवा भिंत घालून खोली केली की तेवढं क्षेत्र एफएसआयमध्ये येतं आणि पार्किंगही कमी पडतं. नियमात बसणारं असेल तर सुधारित नकाशा देऊन, तडजोड शुल्क (चूक नियमित करून घेण्याचा दंड) भरून सुटतं. नसेल तर तोडण्याची नोटीस. शिवाय महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-क खाली अवैध बांधकामाला घरफाळ्याच्या दुप्पट शास्ती लागू शकते, दरवर्षी. घरफाळा भरतोय म्हणून बांधकाम अधिकृत झालं असंही समजू नका, तो अवैध इमारतीलाही लागतो.

फ्लॅट घेणाऱ्यांनी मंजूर नकाशाची झेरॉक्स बघून बयाणा देऊ नये. जोत्याचा दाखला मागा, त्यावरची तारीख बघा आणि तेव्हा इमारत कितव्या मजल्यावर होती ते शेजारच्या चहावाल्याला विचारा.