दादाचा कार्यानुभव

"टाकाऊतून टिकाऊ! सातवीत कार्यानुभवाच्या तासाला हेच करायचो आम्ही." घानाचा कलाकार इब्राहिम महामा याच्या जुन्या पोत्यांच्या कलाकृतीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, त्यावर दादाचं हे उत्तर. खाली काकांची पुरवणी, "गोऱ्यांना गरिबी विकतात, दुसरं काय!" लगेच चार अंगठे वर.

अहो, बघा तरी आधी नीट! महामा उत्तर घानातल्या तामालेचा, १९८७चा जन्म. घानाचा कोको ज्या तागाच्या पोत्यांत भरतात ती येतात आपल्याच बाजूनं, भारत-बांगलादेशातून. कोको उतरला की त्यांत मका, तांदूळ आणि शेवटी कोळसा. इथल्या, घानातल्या तेमा बंदरात पंधरा वर्षं पोती मोजण्यात गेली माझी. ६४ किलोचं एक, एवढीच ओळख. पोत्यावरचं नाव वाचलं ते तामालेला, महामाच्या 'रेड क्ले' या कलाकेंद्रात. कोळशानं काळं पडलेलं, सुतळीनं तीनदा टाचलेलं, आणि त्यावर दोन मालकांची नावं, एकावर एक.

असल्या पोत्यांनी त्यानं २०१५ला व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात एक लांबच लांब बोळ दोन्ही अंगांनी मढवला. २०२४ला लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्राच्या इमारतीला गुलाबी-जांभळं कापड नेसवलं, तामालेत विणून शिवलेलं, वर उत्तरेकडचे जुने बाटाकारी, म्हणजे अंगरखे, टाचून. आणि काका, त्या 'गरिबी'च्या पैशातून गावातच रेड क्ले उभं राहिलं. लाल विटांचं, आवारात जुनी विमानं, त्यांत पोरांचे वर्ग. आपल्या नाट्यगृहाचं छप्पर अजून गळतंय ना?

(इथले तुंबलेले नाले आणि डमसोर, म्हणजे सारखी जाणारी वीज, यांबद्दल मी ग्रुपवर चकार शब्द काढत नाही, हेही खरं.)

जुनी पोती तो नवी देऊन घेतो. बाटाकारीही असेच, अदलाबदलीनं जमवलेले. म्हणजे बोहारीणच की! फक्त याला जुनेरच हवं असतं.

हे दादाला ठणकावून लिहायला घेतलं आणि हात थांबला. आई गेली त्या वर्षी वहिनींचा फोन आला होता, "भाऊजी, सासूबाईंच्या नऊवारींचं काय करू?" मी तेमा मोटरवेवर अडकलेलो, मागून ट्रोट्रो मिनीबसवाला हॉर्न मारतोय. म्हटलं, "देऊन टाका बोहारणीला."

स्टीलचे दोन डबे आले. गेल्या खेपेला त्यातल्याच एकात वहिनींनी चिवडा भरून दिला. तो केव्हाच संपला. डब्यात आता गारी असते, कसाव्याचा रवा.