‘परिषदेचे सभापती अध्यक्षांपेक्षा मोठे’: फिरत्या मेसेजमधलं किती खरं?

सातारा-सांगलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: विधान परिषद हे वरचं सभागृह, म्हणून तिचे सभापती विधानसभेच्या अध्यक्षांपेक्षा मोठे. ते वाटेल ते बिल अडवून ठेवू शकतात. त्यांना खुर्चीवरून कुणी हलवू शकत नाही. त्यांच्या किंवा अध्यक्षांच्या निर्णयावर कोर्टात जाता येत नाही. आणि शिराळ्याचे शिवाजीराव देशमुख, पाठोपाठ फलटणचे रामराजे नाईक-निंबाळकर सभापती होते, तेव्हा राज्याची तिजोरी आपल्याच हातात होती.

दोन शेजारी जिल्ह्यांना लागोपाठ ही खुर्ची मिळाली, एवढं खरं. बाकीचं एकेक घेऊ.

‘वरचं सभागृह, म्हणून वरचा मान.’ सभापती आणि अध्यक्ष आपापल्या सभागृहापुरते प्रमुख असतात, एक दुसऱ्याचा साहेब नसतो. उलट एका बाबतीत अध्यक्षांचा शब्द परिषदेला बांधून टाकतो. एखादं विधेयक धन विधेयक (म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं) आहे की नाही हा वाद निघाला, तर राज्यघटनेच्या कलम 199 नुसार निर्णय अध्यक्षांचा. त्यांचं प्रमाणपत्र जोडून ते विधेयक परिषदेकडे गेलं की तिच्या हाती उरतात 14 दिवस. तेवढ्यात परिषदेने शिफारशी करायच्या. त्या स्वीकारायच्या की नाही, हे विधानसभा ठरवते. 14 दिवसांत विधेयक परत आलं नाही, तरी ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असंच धरलं जातं.

‘सभापती बिल अडवतात.’ पहिली गोष्ट, अडवायचं की नाही हे सभागृह मतदानाने ठरवतं, सभापती एकटे नाहीत. दुसरी, परिषदेलाही फक्त लांबवता येतं. विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक परिषदेने फेटाळलं, विधानसभेला नको असलेल्या दुरुस्त्या घातल्या, किंवा पटलावर ठेवल्यापासून तीन महिने उलटले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवते. या दुसऱ्या फेरीत परिषदेला मिळतो एकच महिना. त्यानंतर तिची संमती असो-नसो, विधेयक मंजूर. म्हणजे अडवणुकीची ताकद मोजून तीन महिने अधिक एक महिना, त्यात दोन अधिवेशनांमधली गॅप धरा. परिषदेत सुरू झालेलं विधेयक विधानसभेने नाकारलं, तर मात्र ते तिथेच संपतं. परिषदेला अशी दुसरी फेरी नाही. संसदेसारखी संयुक्त बैठक घेऊन मतदानाने तोडगा काढायची सोय राज्यात नाही. राज्यपालांच्या अभिभाषणाला दोन्ही सभागृहं एकत्र बसतात, पण तिथे विधेयक मंजूर होत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा दिल्लीचे नियम मुंबईला लावलेत.

‘त्यांना कुणी हलवू शकत नाही.’ हे सांगलीत बसून लिहावं, याची कमाल वाटते. शिवाजीराव देशमुख यांना मार्च 2015 मध्ये याच सभागृहाने ठराव करून पदावरून दूर केलं. राष्ट्रवादीचा ठराव भाजपच्या साथीने मंजूर झाला आणि त्याच महिन्यात रामराजे सभापती झाले. रीत अशी: किमान 14 दिवस आधी नोटीस, आणि ठरावाच्या बाजूने त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत. हजर असलेल्यांचं नव्हे, एकूण सदस्यांचं. 78 जागा भरलेल्या असतील तर 40 मतं लागतात. 60 जण हजर राहून 35 विरुद्ध 25 असा निकाल लागला तर ठराव पडतो. गैरहजर राहणारा सदस्य इथे खुर्चीला मदतच करत असतो. अध्यक्षांनाही हाच नियम. ठराव चर्चेला असताना संबंधितांना खुर्चीवर बसून कामकाज चालवता येत नाही, पण बोलता येतं आणि सदस्य म्हणून मत देता येतं. एरवी नेमकं उलट: पहिल्या फेरीत मत नाही, समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं.

खुर्ची जायला ठरावच लागतो असंही नाही. उपराष्ट्रपती पदसिद्ध म्हणून राज्यसभेचे सभापती असतात, राज्यात तसं नसतं. इथे सभापती सदस्यांतून निवडले जातात, त्यामुळे आमदारकी संपली की पदही संपतं. जुलै 2022 मध्ये रामराजेंची मुदत संपली. त्याआधीच्या जूनमध्ये ते परिषदेवर पुन्हा निवडून आले होते, तरी सभापतिपद आपोआप मागे आलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये राम शिंदे निवडून येईपर्यंत उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम चालवलं. विधानसभेचं वेगळं आहे: ती विसर्जित झाली तरी नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत अध्यक्ष पदावर राहतात. परिषद विसर्जित होतच नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

‘कोर्टात जाता येत नाही.’ अर्धसत्य, म्हणून जास्त घातक. कामकाजाच्या पद्धतीत त्रुटी राहिली एवढ्यावरून कोर्ट त्यात पडत नाही, हे कलम 212 सांगतं. पण घटनाबाह्य कृतीला ते कवच नाही. जुलै 2021 मध्ये विधानसभेने भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. जानेवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ठराव रद्द केला. पक्ष बदलणाऱ्या आमदाराला अपात्र ठरवा, अशा अर्जांवर अध्यक्ष किंवा सभापती लवादासारखे बसतात, आणि तो निर्णय न्यायालयीन तपासणीपलीकडे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या 1992 च्या किहोतो होलोहान निकालापासून ठरलेलं आहे. स्वतः अध्यक्षांविरुद्धच असा अर्ज आला तर? तो सभागृहाने निवडलेला दुसरा सदस्य ऐकतो.

राहिली तिजोरी. पंचायत समितीचा सभापती गावाच्या कामांत हात घालतो, ते डोळ्यापुढे ठेवून हा समज पसरला असावा. परिषदेच्या सभापतींकडे खातं नसतं, ते फायलींवर निधी मंजूर करत नाहीत. अधिवेशन बोलावणं आणि संस्थगित करणं (म्हणजे संपवणं) सुद्धा राज्यपालांकडे, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. सभापती बैठक तहकूब करतात, कोण कधी बोलणार ते ठरवतात, कोणते शब्द कामकाजातून काढायचे ते सांगतात. वाटेल तेव्हा कोरमचं (किमान हजेरीचं) कारण सांगून बैठक मोडायचीही सोय नाही: एकूण सदस्यांच्या एक-दशांश किंवा दहा, यातला मोठा आकडा लागतो. परिषदेत तो फक्त 10 आहे, विधानसभेत 29.