कोकिळ खातो म्हणून बिट्टी खायची?

आठवडाभर आमच्याकडच्या ग्रुपांवर 'जंगलातली झाडं ओळखण्याच्या सोप्या खुणा' असा मेसेज फिरतोय. त्यात तीन दावे आहेत. पक्षी-वानरं खातात ते फळ माणसालाही चालतं, पानं झडलेलं झाड प्राण्यांच्या कामाचं नसतं, आणि पक्ष्यांसाठी बांधावर घाणेरी लावावी. मी सोडून दिलं असतं. पण परवा पाटणादेवीहून परतताना चाळीसगावच्या माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने मूठ उघडली. "मामा, कोकिळा खास, मंग आपले बी चालस ना?" मुठीत पिवळ्या कण्हेरीचं फळ, आपली बिट्टी. देठातून पाझरलेला पांढरा चीक तिच्या बोटांना लागलेला.

कोकिळ बिट्टी खातो आणि पचवतो. माणसाच्या हृदयाचे ठोके मात्र त्याच विषाने बिघडतात. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे इतके रुग्ण यायचे की उताऱ्याची रीतसर चाचणी झाली, आणि तिचे निष्कर्ष २००० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधावरचा उतारा तिथे वापरला, कारण विष त्याच जातीचं. तो आपल्या तालुक्याला वेळेवर मिळेल या भरवशावर पोरांना फळं चाखायला सांगायची का? वानराचंही तेच. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, आत पाला आंबवणारे जंतू. आपलं तसं नाही.

यात अर्धं खरं आहे, तेवढं मानतो. टेंभरं, बोरं, चारोळ्या अस्वलही खातं आणि आपणही. पण सातपुड्यातल्या पावरा बाया अस्वलाकडे बघून फळ तोडत नाहीत. पान, साल, चीक, ऋतू, सगळं बघतात आणि आईकडून शिकलेल्या असतात.

पानं झडलेल्या झाडाबद्दल काय बोलायचं? फाल्गुनात पळसाला पान नसतं, तेव्हाच फुलांवर मैना आणि शिंजिर तुटून पडतात.

घाणेरीची फळं बुलबुल खातात, खरंय. म्हणूनच ती रानभर पसरली. तिचा पाला गुरांच्या यकृताला मारतो. बांधावर बोर लावा की!

आणि कुणी बिट्टी खाल्लीच, तर घरी उलट्या काढत बसू नका. फळ-पानासकट फांदी तोडून सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.