बाळंतपणात ‘का?’ विचारलं की राग का येतो?

माझ्या मावसबहिणीला आठवा लागलाय. मागच्या तपासणीला तिने डॉक्टरांना विचारलं, "कळा सुरू झाल्या की माझ्यासोबत आत कोण थांबू शकेल?" उत्तर आलं, "नातेवाईक आत चालत नाहीत." तिने विचारलं, "का?" डॉक्टरांनी फाईल मिटली. "विश्वास नसेल तर दुसरीकडे नाव घाला." रात्री मला फोन करून रडत होती. म्हणून हे लिहितेय.

आधी एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझ्या आजीची धाकटी जाऊ घरीच बाळंत झाली. बाळ झालं, पण वार पडेना, रक्त थांबेना. बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली. त्यामुळे ‘पूर्वी सगळं घरीच व्हायचं आणि छान व्हायचं’ हे मला कुणी सांगू नये. रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन, वेळेवर केलेलं सिझर, बाळाच्या लसी यांनी आपल्या घरातली माणसं जगली आहेत. माझी तक्रार आहे ती सरसकटपणाबद्दल. गरज असो नसो, प्रत्येकीला तेच, आणि तेही न विचारता.

माझं पहिलं बाळंतपण २०१४ चं. पहाटे पाणी गेलं म्हणून दवाखान्यात गेलो. गेल्या गेल्या टेबलावर उताणं झोपवलं आणि कळा वाढवायचं सलाईन लावलं. उठायचं नाही, कूस बदलायची नाही, पाण्याचा घोटही नाही. नवरा आणि आई दाराबाहेर. दर थोड्या वेळाने कुणीतरी गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते तपासून जायचं. "दोनच बोटं", "अजून तीनच". जणू मी परीक्षेत नापास होत होते. शेवटी काहीतरी कापल्याचं जाणवलं. काय केलं, कशासाठी, एक शब्द नाही. नंतर टाके पडले. पुढचे तीन आठवडे मला बसता येत नव्हतं. आईने जुन्या लुगड्याची चुंबळ केली होती, तिच्यावर अर्धवट टेकून मी लेकीला पाजायचे. सातव्या दिवशी विचारलं, "तो छेद का घेतला?" सिस्टर म्हणाल्या, "पहिलटकरणीला घेतातच."

‘घेतातच’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. मग मी वाचायला लागले. आणि कळलं की खुद्द वैद्यकशास्त्रच हे म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या देखभालीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात स्वच्छ लिहिलंय: बाळाची वाट मोठी करायला घेतात तो छेद सरसकट घेऊ नये. बाईला हिंडू-फिरू द्यावं, तिला सोयीच्या स्थितीत राहू द्यावं. तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं. आणि पिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, ही अपेक्षा सगळ्या बायकांना लागू पडत नाही. १९५५ मध्ये अमेरिकेत इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या कळांचा आलेख मांडला, तेव्हापासून बाळंतपण असं घड्याळाने मोजायची सवय लागली. नव्या शिफारशी सांगतात की पाच सेंटीमीटरपर्यंत वेळ लागू शकतो, आणि बाई व बाळ ठीक असतील तर केवळ तोंड हळू उघडतंय म्हणून घाई करू नये. मला ‘अजून तीनच’ म्हणणाऱ्यांना हे माहीत असतं, तर ते सलाईन तितक्या लवकर लागलं असतं का?

आता सिझर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, खाजगीत ४७.४ टक्के. म्हणजे खाजगीत जवळजवळ निम्मी. बायकांची शरीरं दवाखान्याच्या दारावरची पाटी बघून बदलतात का? दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, हेही खरं. मुहूर्त काढून आणणारे नातेवाईक मी पाहिलेत. ‘कळा सहन होत नाहीत, करून टाका’ म्हणणारी घरंही पाहिलीत. काही बिनसलं तर दवाखाना फोडायला येणारा जमाव पाहिल्यावर कुठला डॉक्टर वाट बघत बसेल? पण पोट माझं आहे, पुढच्या गरोदरपणातला धोकाही माझाच. मग कारण मला नीट सांगायला नको?

सगळ्यात जास्त लागलं ते लेकीचं पहिलं दूध. जन्मल्यावर तिला शेजारच्या खोलीत नेलं. तीन तासांनी आणली तेव्हा ती पावडरचं दूध पिऊन झोपली होती. "तुम्हाला दूध कुठे आलंय?" सिस्टर म्हणाल्या. अहो, पहिले दिवस चीकच असतो, चमचाभर, आणि एवढ्याशा पोटाला तेवढा पुरतो! चीक पिळून टाकणाऱ्या आमच्या आजीला अडाणी म्हणायचे, आणि इथे शिकलेल्यांनी तोच चुकवला. त्याच सर्वेक्षणात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. बायका दवाखान्यापर्यंत पोचल्या, मग बाळ आईच्या छातीपर्यंत का पोचत नाही?

असा प्रश्न विचारणारे डॉक्टरही आपल्याकडे आहेत. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग दवाखान्यातच बरा व्हायचा, असं मानलं जायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाला घरी जाऊन तपासायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलाही. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज आशाताई घरोघरी बाळ बघायला जातात त्यामागे हेच काम आहे. त्यांनीही ‘असंच करतात’ हे उत्तर मानलं असतं तर?

माझं दुसरं बाळंतपण दुसऱ्या गावी झालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला व्हरांड्यात चालू दिलं, आईला आत घेतलं. "ठोके चांगले आहेत, थांबू या," म्हणाल्या, आणि खरंच थांबल्या. छेद नाही. मुलगा झाल्या झाल्या नाळेसकट माझ्या छातीवर ठेवला. ओला, गरम, तोंड शोधत होता. तिथे जास्तीचं मशीन काही नव्हतं. मी प्रत्येक वेळी ‘का’ विचारलं, त्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं.

मावसबहीण काल पुन्हा तपासणीला गेली. या वेळी सासूबाई सोबत होत्या. डॉक्टरांना म्हणाल्या, "माझी तीन बाळंतपणं झाली, आत हात धरायला कुणी नव्हतं. हिचा हात मी धरणार." डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एकच माणूस. हात धुऊन, गाऊन घालून. आणि मी बाहेर जा म्हटलं की लगेच जायचं."

सासूबाईंनी आतापासूनच बांगड्या काढून ठेवल्यात.